पहिला मणी कोणता

लोक माझ्या विनोदाला हसले याचा मला जवळजवळ एक दिवस अभिमान होता. हे आधीच सांगून टाकतो, कारण एकदा सांगायला बसलो की मी स्वतःला हळूच बरा दाखवायला लागतो. ती माझी जुनी खोड आहे.

माझं काम परीक्षकाचं. प्रथिन ही मण्यांची लांबलचक माळ असते, आणि पेशीत ती सुटी राहत नाही, स्वतःभोवती गुंडाळून एक ठरावीक आकार घेते. मण्यांचा क्रम शोधणं आता सोपं झालंय. आकार शोधायला मात्र प्रयोगशाळेत वर्ष-वर्ष जातं. म्हणून जागोजागचे गट कॉम्प्युटरकडून आकाराचा अंदाज काढतात, आणि प्रत्येकाला वाटतं आपलीच पद्धत भारी. तेव्हा दर दोन वर्षांनी परीक्षा घ्यावी लागते. ज्या प्रथिनांचा आकार प्रयोगशाळेत नुकताच सापडलाय पण अजून कोणी पाहिलेला नाही, त्यांच्या मण्यांचा क्रम सगळ्यांना पाठवायचा. त्यांचे अंदाज आले की कुलपातला खरा आकार बाहेर काढायचा, अंदाज त्यावर ठेवून बघायचा आणि शंभरपैकी गुण द्यायचे. गटांची नावं परीक्षकाला कळत नाहीत, फक्त क्रमांक कळतात. परीक्षक कोण हे गटांना संमेलनाच्या दिवसापर्यंत कळत नाही. सगळं अगदी चोख.

त्या वर्षी मी पहिल्यांदाच परीक्षक झालो होतो आणि माझं नाक बरंच वर होतं.

संमेलनाच्या आदल्या दिवशी आत्या आमच्याकडे राहायला आली. आत्या म्हणजे माझ्या वडिलांची थोरली बहीण, वय एकाहत्तर. चौतीस वर्षं हवामान कार्यालयात उद्याचा पाऊस आणि परवाचा वारा सांगण्यात घालवलेली. लग्न केलं नाही. "रोज सकाळी सगळं गाव मला शिव्या घालतं, घरी आणखी एक माणूस कशाला हवा," असं ती सांगायची. मला ती ढब्बू म्हणते. मी सत्तेचाळीस वर्षांचा आहे, डोक्यावर केस नाहीत, तरी ढब्बू.

"मीपण येते हं तुझ्या त्या संमेलनाला," ती म्हणाली.

मला वाटलं, भाच्याचं कौतुक बघायला येतेय. निवृत्त झाल्यावर तिने कॉम्प्युटरवर प्रथिनांशी खेळायला सुरुवात केली होती हे मला माहीत होतं. फोनवर कधीमधी काहीबाही विचारायची. मी "हो आत्या, बरोबर आत्या" म्हणत दुसरीकडे ईमेल वाचायचो. आमच्या बायकोने एकदा विचारलं, "त्या खरंच काही करतायत का रे?" मी म्हणालो, "शब्दकोडं सोडवण्यापेक्षा बरं." हे मी म्हणालो होतो. आठवलं की अजून कानाच्या पाळ्या गरम होतात.

पहिल्या दिवशी दुपारी माझं भाषण झालं. हॉलमध्ये दोनशे माणसं. आत्या तिसऱ्या रांगेत, गळ्यात बिल्ला अडकवून, मांडीवर पिशवी घेऊन बसलेली. मी आलेख दाखवले, कोणाची पद्धत कुठे चालली, कुठे बसली ते सांगितलं. मग आम्ही ज्याला अनाथ म्हणत होतो त्या प्रथिनावर आलो. त्याच्यासारखं दुसरं कुठलंच प्रथिन माहीत नव्हतं, त्यामुळे नक्कल करायला काही नव्हतं. सत्तेचाळीस गटांपैकी सगळ्यात चांगल्या गटालासुद्धा बावन्नच गुण मिळाले होते. अनाथावर जो पहिला येईल त्याला तिसऱ्या दिवशी सकाळी पंधरा मिनिटं आपली पद्धत सगळ्यांपुढे मांडायला मिळणार होती. या क्षेत्रात त्या पंधरा मिनिटांसाठी लोक दोन वर्षं राबतात.

सगळ्यात शेवटी होता गट एक्केचाळीस. शंभरपैकी अकरा.

मी स्लाइड लावली. खरा आकार निळा, एक्केचाळीसचा अंदाज नारंगी. दोन्ही एकमेकांत अडकून नुसता गुंता झालेला. भाषण लांबलं होतं, लोक पेंगुळले होते, आणि मला हशा हवा होता.

"या गटाने एकाच प्रथिनाचा अंदाज पाठवलाय," मी म्हणालो. "एकाच अंदाजात एवढं चुकायलाही मेहनत लागते. माझा संशय असा आहे की यांनी खिशातून इयरफोनची वायर काढली आणि तिचाच फोटो पाठवून दिला."

हॉल खदखदून हसला. मागच्या रांगेतल्या एकाने टाळी दिली. आत्याही हसली. मग तिने चष्मा काढून पदराने पुसला, परत लावला आणि मान तिरकी करून चित्राकडे बघत राहिली. मी पुढची स्लाइड लावेपर्यंत बघत राहिली. मला वाटलं, बिचारीला कळत नसणार.

दुसऱ्या दिवशी सकाळी क्रमांकांची यादी उघडली. पाकीट अध्यक्षबाईंनी फोडलं. अध्यक्षबाई म्हणजे शिस्तीच्या बाई, मिनिटाला मिनिट मोजणाऱ्या. यादी हातोहात फिरत माझ्याकडे आली. एकोणचाळीस, चाळीस, एक्केचाळीस. एक्केचाळीससमोर संस्थेचं नाव नव्हतं. घरचा पत्ता होता, आणि तो पत्ता मला लहानपणापासून पाठ होता. मे महिन्याच्या सगळ्या सुट्ट्या मी त्या पत्त्यावर काढल्या होत्या.

मी यादी पुढे सरकवली. पण खरं सांगायचं तर, मला वाईट वाटलं ते एवढ्याचंच, की मी घरच्या माणसाची थट्टा केली. तिचा अंदाज चुकलेला होता याबद्दल मला तिळमात्र शंका नव्हती. उलट मनात आलं, बरं झालं, नाव कळायच्या आधीच गुण दिले, नाहीतर लोक म्हणाले असते आत्याला झुकतं माप दिलं.

मी तिला शोधत गेलो. व्हरांड्यात खिडकीशी चहा घेऊन उभी होती.

"आत्या, तू सांगायचं तरी!"

"कसं सांगणार? सांगायचं नाही असा नियम आहे ना. आणि परीक्षक तू आहेस हे मला तरी कुठे माहीत होतं? काल तू माइकपाशी गेलास तेव्हा कळलं."

मग मी तिचं सांत्वन केलं. या सगळ्या प्रकरणातलं कुठलं एक पान फाडून टाकायला मिळालं तर मी ते फाडेन. मी तिच्या खांद्यावर हात ठेवला. म्हणालो, या वयात एवढं करतेस हेच खूप आहे. म्हणालो, मोठमोठ्या गटांकडे खोल्या भरून कॉम्प्युटर असतात, तू एकटी, यात कमीपणा काही नाही. म्हणालो, एक छंद म्हणून चालू ठेव, पण असं स्पर्धेत वगैरे उतरून मनाला लावून घेऊ नकोस. ती चहाचे घोट घेत सगळं ऐकत होती. मला वाटलं, तिला बरं वाटतंय.

माझं संपल्यावर तिने विचारलं, "ढब्बू, तू पहिला मणी कुठून मोजलास?"

"म्हणजे?"

"पहिला मणी कोणता धरलास?"

"जो पहिला असतो तोच," मी म्हणालो. आवाजात थोडा वैताग होता. "अगं, तो प्रोग्राम आहे. तो बरोबरच मोजतो."

"बरं," ती म्हणाली आणि कप ठेवायला गेली.

त्या "बरं"ने मला जेवू दिलं नाही. दुपारी सगळे जेवायला गेले तेव्हा मी मागच्या खोलीत लॅपटॉप उघडून बसलो. तिला समजावून सांगायला सोपं जावं म्हणून बघतोय, असं मी स्वतःला बजावत होतो.

आता शेपटीबद्दल सांगायला हवं. प्रयोगशाळेत प्रथिन पकडायला सोपं जावं म्हणून माळेला काही जास्तीचे मणी जोडतात. अनाथाला नऊ जोडले होते, तेही पुढच्या टोकाला. पुढच्या टोकाला असले तरी आम्ही त्यांना शेपटीच म्हणतो, विज्ञानात असं चालतं. बाकीच्या प्रथिनांच्या फाइलींमधून शेपटी आधीच कापलेली होती. अनाथाच्या फाइलीत ती तशीच राहिली होती. म्हणजे फाइलीतला पहिला मणी हा शेपटीचा पहिला मणी होता आणि प्रथिनाचा स्वतःचा पहिला मणी दहावा.

मग मी सूचनापत्रक उघडलं. पान चार, सूचना सात: "शेपटीचे मणी वगळावेत. प्रथिनाचा मूळ पहिला मणी हा क्रमांक एक धरावा."

सूचना मीच लिहिली होती. दीड वर्षापूर्वी लिहिली आणि विसरलो. पुढे तपासणीचा प्रोग्रामही मीच लिहिला, आणि तो फाइलीतला एक नंबर अंदाजातल्या एक नंबरावर, दोन नंबर दोन नंबरावर ठेवत गेला. सेहेचाळीस गटांनी सूचना वाचलीच नव्हती. त्यांनी आलेली माळ शेपटीसकट जशीच्या तशी कॉम्प्युटरला खायला घातली, त्यामुळे त्यांचे क्रमांक माझ्या चुकीशी बरोबर जुळले. सूचना वाचली फक्त एकीने. चौतीस वर्षं सरकारी पत्रकं शेवटच्या ओळीपर्यंत वाचायची सवय. तिने शेपटी कापली, एकपासून मोजलं, आणि तिचा प्रत्येक मणी मी नऊ घरं चुकवून जोडला. सदऱ्याची गुंडी एक घर चुकली तरी माणूस वेडा दिसतो. मी तिच्या सदऱ्याची नऊ घरं चुकवली आणि वर दोनशे लोकांना बोलावून दाखवलं, बघा बाई कशी दिसते.

क्रमांकांत नऊ मिळवले आणि प्रोग्राम पुन्हा चालवला. मोजून चार सेकंद लागले. निळ्यावर नारंगी अलगद जाऊन बसला. मधला एक वळसा तेवढा जरासा बाहेर राहिला होता.

एक्क्याऐंशी.

सगळ्यात वरच्या गटाला बावन्न होते. आणि काल तिने मान तिरकी करून चित्र बघितलं ते न कळल्यामुळे नव्हतं. दोन्ही आकार एकच आहेत, फक्त एक फिरवून ठेवलाय, हे तिला तिसऱ्या रांगेतून, मोतीबिंदूचं ऑपरेशन झालेल्या डोळ्यांनी दिसलं होतं. मला तीन महिने समोर ठेवून दिसलं नव्हतं, कारण अकरा हा आकडा आधी बघितल्यावर चित्र मी बघितलंच नव्हतं.

मी तोंडावर हात घेऊन बसलो. मला लाज वाटली. गुणांची, थट्टेची, आणि सगळ्यात जास्त त्या खांद्यावर ठेवलेल्या हाताची.

इथे एखाद्या सरळ माणसाने काय केलं असतं? दुपारचे अडीच वाजले होते. अध्यक्षबाई बाहेर नोंदणीच्या टेबलापाशी, माझ्यापासून दहा पावलांवर उभ्या होत्या. पंधरा मिनिटं बावन्नवाल्या गटाला दिलेली होती, पण ती उद्या सकाळी. दहा पावलं चालून गेलो असतो तर ती आत्याला मिळाली असती. मी तेवढं चाललो नाही. मनात म्हणालो, आधी रीतसर लेखी द्यावं. खोलीत बसून मी एक निवेदन लिहिलं, चार वेळा खोडलं, आणि कार्यालयाच्या पेटीत टाकलं. पेटी संध्याकाळी उघडतात असा मी समज करून घेतला. ती सकाळी उघडतात हे पेटीवरच लिहिलेलं होतं. सूचना न वाचणारा मी एकटा नव्हतो हे खरं, पण सातत्याने न वाचणारा मीच.

त्या दिवशी घरी आत्याने काही विचारलं नाही आणि मी काही सांगितलं नाही. बायकोने विचारलं, "कालचं भाषण कसं झालं?" आत्याच म्हणाली, "छान झालं. लोकांना हसवलंन."

तिसऱ्या दिवशी सकाळी बावन्नवाल्यांचा तरणाबांड गटप्रमुख पंधरा मिनिटं बोलला. चांगला बोलला. आत्या पुढे झुकून वहीत टिपून घेत होती. मी दाराशी उभा होतो, आणि दर मिनिटाला वाटत होतं की आता कोणीतरी निवेदन घेऊन आत येईल. अकरा वाजता ते फलकावर लागलं.

चहाच्या सुट्टीत आत्या फलकापुढे उभी राहून ते वाचताना दिसली. मी मागे जाऊन उभा राहिलो. निवेदन असं होतं:

"अनाथ प्रथिनाच्या मूल्यमापनात क्रमांकनाबाबत विसंगती आढळून आली आहे. त्यानुसार गट एक्केचाळीसच्या गुणांत सुधारणा करण्यात येत आहे (अकराऐवजी एक्क्याऐंशी). गैरसोयीबद्दल दिलगिरी व्यक्त करण्यात येत आहे."

"एक्क्याऐंशी," मी पुटपुटलो. "आत्या, तू पहिली आलीस."

"हो, वाचलं." तिने चष्मा नाकावर सरकवला. "ढब्बू, ही विसंगती आढळली कुणाला?"

"मला."

"कुठे आढळली? वाटेत पडली होती?"

मी फलकावरची टाचणी सरळ करायला लागलो.

"आमच्या ऑफिसात पडताळ्याची वही होती," ती म्हणाली. आवाज चढवला नाही. चढवला असता तर बरं झालं असतं. "काल काय सांगितलं, आज काय झालं, हे रोज सकाळी लिहायचं. चुकलं असेल तर ज्याने अंदाज दिला त्याने आपल्या हाताने लिहायचं, मी चुकलो, आणि खाली सही. नव्याने आले तेव्हा मीपण लिहिलं होतं, अंदाजात तफावत आढळली. साहेबांनी लाल शाईने खोडलं. म्हणाले, बाई, तफावत काय, तुम्हाला रस्त्यात सापडली का? हे वाचून उद्या वारा बदलणार आहे का? तुम्ही चुकलात, तसं लिहा, म्हणजे उद्या तरी बघून सांगाल. रडले मी त्या दिवशी. मग चौतीस वर्षं लिहीत आले. कितीदा लिहिलं असेल कोण जाणे."

"आत्या, ती पंधरा मिनिटं..."

"ती गेली. आता दोन वर्षांनी." ती एवढंच म्हणाली आणि चहाच्या टेबलाकडे वळली. वळताना मला तिचा चेहरा दिसला. तिला ती पंधरा मिनिटं हवी होती. इतकी हवी होती की पिशवीत ती भाषण लिहून घेऊन आली होती. निळ्या फाइलीचं टोक पहिल्या दिवसापासून त्या पिशवीतून बाहेर डोकावत होतं, आणि मला वाटत होतं की ती औषधांची फाइल आहे.

समारोप दुपारी तीनला होता. अध्यक्षबाईंनी आभार मानले, शेवटी विचारलं, "कोणाला काही सांगायचंय?" हे विचारायची पद्धत आहे, कोणी काही सांगत नसतं. मी उठलो. माइकपाशी गेलो आणि पहिल्या दिवसाची तीच स्लाइड लावली, निळ्यानारंगी गुंत्याची.

"परवा आपण या चित्रावर हसलो," मी म्हणालो. "हसवलं मी. हा गुंता गट एक्केचाळीसने केलेला नाही, मी केलाय. सूचना मी लिहिली आणि मीच ती पाळली नाही. फलकावर विसंगती आढळली असं लिहिलंय, ते खोटं आहे. मी चुकलो. आणि चुकलोय हे मला काल दुपारी अडीच वाजता कळलं होतं. तेव्हाच सांगितलं असतं तर आज सकाळी एक्केचाळीसचं भाषण तुम्ही ऐकलं असतं. भीती वाटली म्हणून मी चिठ्ठी पेटीत टाकली."

मग दुसरी स्लाइड लावली, आकारावर आकार बसलेली. मान वर करून समोर बघितलं.

हॉल जवळजवळ रिकामा होता. लोक दुपारच्या गाड्या पकडायला निघून गेले होते. परवा दोनशे होते, आता चाळीस असतील, त्यातले निम्मे बॅगा आवरत होते. टाळी देणारा तो मागच्या रांगेतला नव्हताच. जे हसले होते ते माझा विनोद बरोबर घेऊन आपापल्या गावी गेले होते, आणि तिथे जाऊन सांगणार होते, एक्केचाळीस नंबरची काय गंमत झाली.

अध्यक्षबाईंनी घड्याळ बघितलं. "नोंद घेतली आहे," त्या म्हणाल्या. मग काय वाटलं कोण जाणे, माझ्याकडे न बघता म्हणाल्या, "हॉल चार वाजता रिकामा करायचाय. पण व्हरांड्यात फळा आहे."

व्हरांड्यात सहा माणसं थांबली. त्यांच्यात बावन्नवाला गटप्रमुखही होता, वही उघडून. आत्याने फाइल पिशवीतून काढली, पुन्हा आत ठेवली आणि खडू घेतला. मी तिची पिशवी धरून मागे उभा राहिलो.

ती सांगत होती, कॉम्प्युटरकडून एकच अंदाज घ्यायचा नाही, दोनशे घ्यायचे, आणि ते कुठे एकमेकांशी भांडतात ते बघायचं. वाऱ्याच्या अंदाजात ती हेच करायची. ती माळ काढत गेली, वळसे काढत गेली, खडूची भुकटी पदरावर सांडत गेली. एका जागी बाण काढला आणि थबकली.

"थांबा," ती म्हणाली. "चुकले मी."

कोणी हसलं नाही. तिने तळहाताने बाण पुसला, दुसऱ्या दिशेने काढला आणि पुढे बोलायला लागली. सहाही जणांनी वहीत खोडून बरोबर करून घेतलं. मी पिशवी धरून उभा होतो. तेवढंच म्हणायला मला एक अख्खा दिवस लागला होता.